जेनीच्या गळ्यातली वल्ली

त्याला प्रत्यक्ष ऐकलेलं माणूस आता शोधूनही सापडायचं नाही. स्वीडिश गायिका जेनी लिंड २ नोव्हेंबर १८८७ रोजी इंग्लंडमधल्या मॉल्व्हर्नला वारली आणि तिच्याबरोबर तोही, तिचा आवाजही, गेला. एडिसनचं ध्वनियंत्र तोवर दहा वर्षांचं झालं होतं. जेनीने एडिसनसाठी एक नळकांडं गाऊन दिलं होतं, अशी दंतकथाही आहे. पण ते नळकांडं काही हाती लागलेलं नाही. लागलं असतं तरी खरखरीपलीकडे फारसं ऐकू आलं नसतं, आणि तोवर तोही थकून घरी बसलेला होता. त्यामुळे त्याची ओळख करून घ्यायची ती ऐकीव माहितीवर. सुदैवाने ज्यांनी ऐकलं ते गप्प बसणारे नव्हते.

अडचण एवढीच, की त्यांच्या साक्षी जुळत नाहीत. शोपँने १८४८ साली लंडनमध्ये त्याला ऐकलं आणि पत्रात लिहिलं, की ही स्वीडिश बाई साध्या उजेडात दिसतच नाही, उत्तरेकडच्या ध्रुवप्रकाशात उभी असल्यासारखी दिसते. त्याच्या आदल्याच वर्षी, त्याच शहरात, व्हेर्दीचा शिष्य मुझिओ त्याला ऐकून आला होता. त्याचा अहवाल असा, की वरच्या टोकाला जरा कर्कश, खाली अशक्त, पण मेहनतीने हवा तसा वळवून घेतलेला. कंपाला जगात तोड नाही, मात्र हरकती नको तितक्या आणि त्याही गेल्या शतकातल्या. लंडनचा समीक्षक हेन्री चोर्ली याने तर त्याची मोजमापंच घेऊन ठेवली आहेत. पल्ला दोन सप्तकांचा, ‘डी’पासून ‘डी’पर्यंत, क्वचित प्रसंगी वर आणखी एखाद-दुसरा स्वर. पण खालचा अर्धा भाग आणि वरचा अर्धा भाग एका जातीचे नव्हेत. खालचा दबलेला, धुरकट, सुरातून घसरायची सवय असलेला. वरचा भरदार, लखलखीत, आणि जितका उंच जाईल तितका देखणा.

मला या तिघांत चोर्ली आणि मुझिओ जास्त भरवशाचे वाटतात. भारावलेला श्रोता बऱ्याचदा स्वतःचीच ती रात्र लिहीत असतो. खोट काढणाऱ्याला मात्र समोरच्या आवाजाकडे नीट कान द्यावा लागतो. आणि या आवाजाची गोष्ट त्याच्या खोटीपासूनच सांगायला हवी. ती खोट उपजत नव्हती. लहान वयात त्याला कामाला जुंपलं गेलं तेव्हा ती त्याच्या अंगी लागली, आणि पुढची सगळी कीर्ती त्याने ती अंगावर वागवतच मिळवली.

सुरुवात मात्र अगदी निवांत होती. जेनीचा जन्म स्टॉकहोमचा, ६ ऑक्टोबर १८२०चा. नऊ वर्षांची असताना ती शहरातल्या विधवांच्या एका आश्रमात राहत होती. तिची आजी तिथेच असे. रस्त्याकडच्या खिडकीत बसून ती आपल्या मांजरीला गाणी म्हणून दाखवी. मांजरीच्या गळ्यात निळी फीत होती, हे जेनीने म्हातारपणी आपल्या मुलाला आवर्जून सांगितलं. खिडकीखालून जाणारे लोक थबकून ऐकत. त्यांत राजेशाही नाट्यगृहातल्या लुंडबर्ग नावाच्या नर्तिकेची मोलकरीण होती. तिने घरी जाऊन मालकिणीला सांगितलं, की असं गाणं मी जन्मात ऐकलेलं नाही. म्हणजे या आवाजाची पहिली दखल घेतली ती एका मोलकरणीने, आणि त्याच्याही आधी एका मांजरीने. पुढे राण्या-राजे, मेंडेलसोन, व्हेर्दी सगळे रांगेत आले, पण मोलकरणीचा मान पहिला.

लुंडबर्गबाईंनी मुलीला ऐकलं आणि नाट्यगृहातले गाण्याचे शिक्षक क्रेलियस यांच्याकडे पाठवलं. ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिला घेऊन नाट्यगृहाचे प्रमुख काउंट पुके यांच्याकडे गेले. काउंटांनी वय विचारलं. नऊ, हे उत्तर ऐकून ते वैतागले; राजाचं नाट्यगृह म्हणजे काय पाळणाघर आहे? ऐकायलाही तयार नव्हते. क्रेलियस म्हणाले, तुम्ही घेत नसाल तर मी हिला फुकट शिकवतो. तेव्हा कुठे काउंटांनी कान दिला आणि तेही विरघळले. मुलीच्या आईला रंगभूमीचा तिटकारा होता, पण घरात पैसा नव्हता. शेवटी करार झाला: मुलीचं राहणं, खाणं, कपडे, शिक्षण सगळं नाट्यगृहाकडे, आणि मोबदल्यात ती नाट्यगृहाची.

करार मुलीच्या नावाने झाला असला तरी नोकरीला लागला तो आवाज. कुणी त्याला विचारलं नाही. वयाच्या दहाव्या वर्षापासून जेनी रंगमंचावर दिसू लागली, आधी लहान मुलांच्या भूमिकांत, गद्य नाटकांत, मग गाण्याच्या तुकड्यांत. क्रेलियसनंतर इसाक बर्ग हे तिचे शिक्षक झाले. ते चांगले गायक होते. गाणी बसवून घेत, समज देत. पण आवाज काढायचा कसा, श्वास कुठून घ्यायचा, खालच्या सुरांवरून वरच्या सुरांवर जाताना गळ्याने काय करायचं, हे बाळबोध धडे राहूनच गेले. ज्याला उपजत येतं त्याला शिकवायचं काय, असं शिकवणाऱ्यांना वाटतं, आणि हुशार विद्यार्थ्याची वाट बऱ्याचदा इथेच लागते.

७ मार्च १८३८. वेबरचा ‘डेर फ्रायशुत्झ’, भूमिका आगाथेची, वय सतरा. त्या रात्री त्याला पहिल्यांदा कळलं आपण कोण आहोत ते. जेनी पुढे सांगे, की त्या दिवशी सकाळी मी एक होते आणि रात्री झोपले तेव्हा दुसरीच झाले होते, माझी ताकद मला सापडली होती. ७ मार्च हा ती जन्मभर दुसरा वाढदिवस म्हणून पाळत आली. मला हा वाढदिवस तिच्यापेक्षा त्याचा वाटतो.

त्यानंतरची तीन वर्षं म्हणजे त्याची धिंड. गावात एकच चांगली बैलजोडी असावी आणि प्रत्येकाने ती आपल्या औताला मागावी, तशी स्टॉकहोमच्या नाट्यगृहाने त्याच्यावर मशागत केली. मायरबेअरच्या ‘रोबेर ल दियाब्ल’मधली अलिस, दोनिझेत्तीची लुचिया, बेल्लिनीची नॉर्मा. नॉर्माचं काम कसं असतं हे ऑपेरा न पाहिलेल्यालाही सांगता येईल: सुरुवातीलाच लांबलचक संथ गाणं, मग त्वेष, मग मुलांना मारायला निघालेल्या आईची घालमेल, आणि शेवटी चितेवर जाण्याआधी पुन्हा गाणं. चाळिशीच्या कसलेल्या गायिका या भूमिकेला बिचकतात. जेनीने ती विशीत केली. मानसन्मान मिळत होते. १८४० साली ती दरबारची गायिका झाली, स्वीडनच्या राजेशाही संगीत अकादमीची सदस्य झाली. आणि इकडे तो बसत चालला होता. मधले सूर धुरकटू लागले. जिथे दम कमी पडे तिथे ती जोर लावी, आणि जोर लावला की तो आणखी धुरकटे.

याच सुमारास स्टॉकहोममध्ये जोव्हान्नी बेल्लेत्ती नावाचा इटालियन बॅरिटोन गात होता. त्याला ऐकताना जेनीच्या ध्यानात आलं, की याच्या गळ्याला कष्टच पडत नाहीत. आपल्याला जे माहीत नाही ते याला माहीत आहे. देशभर डोक्यावर घेतलेल्या विशीतल्या मुलीला हे उमगावं, आणि उमगल्यावर ते तिने मान्य करावं, ही मला तिच्या साऱ्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. पॅरिसला जायचं ठरलं. तिथे मॅन्युएल गार्सिया शिकवत होते. पण जायला पैसे हवेत. मग वडिलांना बरोबर घेऊन तिने स्वीडनच्या गावोगावी मैफिली केल्या. म्हणजे आवाज दुरुस्त करायच्या खर्चासाठी तोच मोडका आवाज आणखी राबवला. याला इलाज नव्हता, पण वाचताना अंगावर येतं.

गार्सियांविषयी थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घराणं गाणाऱ्यांचं. वडीलही मॅन्युएल गार्सियाच; रोसिनीने ‘बार्बर ऑफ सेव्हिल’मधला अल्माव्हिवा त्यांच्यासाठी लिहिला. बहीण मारिया मालिब्रान, युरोपभर गाजून अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेली. धाकटी बहीण पोलिन व्हियार्दो. १८२५ साली वडिलांनी सगळं बिऱ्हाड न्यूयॉर्कला नेलं आणि तिथल्या पार्क थिएटरमध्ये ‘बार्बर’ लावला, तेव्हा विशीतल्या मॅन्युएलने फिगारो गायला. पण त्याचा आवाज टिकला नाही. वडिलांच्या करड्या शिस्तीत आणि रोजच्या प्रयोगांत तो झिजला, आणि तिशीच्या आत तो गायक म्हणून संपला. तेव्हापासून त्याचं एकच वेड: आवाज मोडतो कसा? लष्करी इस्पितळांत जाऊन त्याने गळ्याची रचना अभ्यासली, मेलेल्या माणसांच्या आणि जनावरांच्या स्वरयंत्रांत फुंकर घालून पाहिली. १८४० साली आपला प्रबंध त्याने फ्रान्सच्या विज्ञान अकादमीसमोर मांडला. १८४१च्या उन्हाळ्यात जेनी समोर येऊन उभी राहिली तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. मोडक्या आवाजावर त्यांच्याइतका अधिकार त्या वेळी युरोपात दुसऱ्या कुणाचा असेल असं वाटत नाही. त्यांच्याकडे स्वतःचाच नमुना होता.

जेनीने ‘लुचिया’मधलं गाणं घेतलं, स्टॉकहोममध्ये तिने कितीतरी वेळा गायलेलं. मध्येच तो फुटला. गार्सियांनी निकाल दिला तो असा, की बाई, आता तुम्हाला शिकवून उपयोग नाही, आवाज शिल्लकच राहिलेला नाही. हा निकाल निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या तऱ्हेने नोंदवला आहे, मऊ करून किंवा कडक करून. मेंडेलसोन ही हकिगत जेनीच्या तोंडून ऐकल्याचं सांगे; आयुष्यात इतकं दुःख पुन्हा झालं नाही, असं ती म्हणे. ती रडत विचारू लागली, मग मी करू काय? गार्सियांनी सांगितलं: सहा आठवडे एक सूरही काढायचा नाही. बोलायचं तेही जेमतेम. मग या, पाहू.

सहा आठवडे. नऊ वर्षांची असल्यापासून ज्याला कुणी स्वस्थ बसू दिलं नव्हतं, त्याला पहिल्यांदा सुट्टी मिळाली. परक्या शहरात, भाषा धड येत नसताना, एका भाड्याच्या खोलीत ही मुलगी गप्प बसली. फ्रेंच आणि इटालियनचा अभ्यास करीत राहिली. घरी लिहिलेल्या पत्रांत घराची ओढ दिसते, धीर सुटतो की काय असं वाटतं.

तिकडे गळ्यात काय चाललं असेल हे आज आपल्याला सांगता येतं. स्वरतंतू म्हणजे दोन नाजूक घड्या. फुफ्फुसातली हवा मधून गेली की त्या एकमेकींवर आपटतात आणि सूर निघतो. आजच्या पट्टीत मोजलं तर चोर्लीने सांगितलेल्या खालच्या ‘डी’ला त्या सेकंदाला सुमारे २९४ वेळा मिळतात, आणि वरच्या टोकाच्या ‘डी’ला सुमारे ११७५ वेळा. एका रात्रीच्या नॉर्मात हा आकडा लाखांत जातो. रेटून गायलं की त्या कडा सुजतात. सुजल्या की पुरत्या मिळत नाहीत, मधून हवा निसटते आणि सूर धुरकट येतो. तो साफ यावा म्हणून गाणारा आणखी रेटतो. या चक्रातून सुटायची पहिली पायरी म्हणजे गप्प बसणं. आजचा घशाचा डॉक्टर आधी दुर्बीण घालून पाहतो आणि मग हेच सांगतो. गार्सियांनी पाहिलं नव्हतं, कारण जिवंत माणसाचे हलते स्वरतंतू नीट पाहायचं साधन कुणाच्या हाती नव्हतं. ते त्यांनीच काढलं, पण आणखी तेरा वर्षांनी: १८५४ साली पॅरिसमध्ये, दातांच्या डॉक्टरांचा सहा फ्रँकला मिळणारा लांब दांड्याचा आरसा घेऊन, तो कोमट पाण्यात गरम करून, पडजिभेशी टेकवून आणि दुसऱ्या आरशाने सूर्याचा कवडसा आत पाडून. ज्या गळ्याकडे त्यांनी पहिल्यांदा असं पाहिलं तो त्यांचा स्वतःचाच होता. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीला त्यांनी ते कळवलं. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी त्या आरशाला वैद्यकात नेलं आणि तिथून घशाच्या वैद्यकाची एक शाखाच उभी राहिली. जेनीच्या वेळी मात्र फक्त कान होते. कानांनी ऐकून त्यांनी गळ्यातली सूज ओळखली, असं म्हणायला हरकत नाही.

सहा आठवडे संपले. ती पुन्हा गेली. गार्सियांना थोडी आशा वाटली, आणि ऑगस्टअखेर तालीम सुरू झाली, आठवड्यातून दोनदा.

आता त्या दृश्याची गंमत पाहा. नॉर्मा आणि लुचिया गाऊन आलेला, दरबारी किताब मिळालेला हा बहाद्दर पॅरिसमधल्या एका खोलीत उभा आहे आणि सरगमीचे सरळ आरोह-अवरोह काढतो आहे. तेही ठाय लयीत. मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात जेनी सांगते, की सगळं पायापासून पुन्हा सुरू करावं लागतंय. सप्तक वर जायचं, खाली यायचं, सावकाश आणि फार जपून. मग कंप, तोही भयंकर सावकाश. आणि जमलं तर घोगरेपणा घालवायचा प्रयत्न. श्वासाच्या बाबतीत गार्सिया फार काटेकोर होते, हेही तिने नोंदवलं आहे. दमसास ही त्याची जन्मजात श्रीमंती नव्हती. छाती लहान. म्हणून तिने श्वास घ्यायची अशी हातोटी कमावली, की तो कधी घेतला हे समोरच्या रांगेलाही कळू नये. पुढे लोक त्याच्या लांबलचक वाक्यांची तारीफ करीत. ती वाक्यं मध्ये तुटलेली असत आणि तुटलेली जागा ऐकू येत नसे.

कंपाचंही तसंच. दोन शेजारचे सूर आलटून पालटून घ्यायचे, आधी मोजून, मग किंचित जलद, मग आणखी. घाई केली की दोन्ही सूर एकमेकांत मिसळून गळा नुसता थरथरतो. त्याला कंप म्हणत नाहीत, त्याला घाबरणं म्हणतात. मुझिओसारख्या तक्रारखोर माणसाने ज्या कंपाला अतुलनीय म्हटलं, तो या कंटाळवाण्या धड्यांतून आला.

गार्सियांकडे त्याच वेळी हेन्रिएट निसेन नावाची आणखी एक स्वीडिश मुलगी शिकत होती. तिचा आवाज जात्याच मोठा आणि निकोप. गार्सियांच्या नावावर एक शेरा सांगितला जातो: निसेनचा आवाज लिंडला मिळाला असता, किंवा लिंडचं डोकं निसेनला, तर त्या दोघींपैकी एक युरोपातली सर्वश्रेष्ठ गायिका झाली असती. शेऱ्यात निसेनवर जरा अन्याय आहे. तीही उत्तम गायिका झाली आणि पुढे सेंट पीटर्सबर्गला शिकवत होती. पण त्यातून या वल्लीचं खरं स्थान कळतं. वर्गातला सर्वांत गुणी आवाज तो नव्हता. घर चांगलं मिळालं, एवढंच. मालकीण रात्री बसून विचार करणारी होती. एकदा चूक दाखवली की ती घरी नेऊन तिचा छडा लावूनच परत यायची.

तरी एक गोष्ट दुरुस्त झाली नाही. मधल्या सुरांवरचं ते धुकं. दहा महिन्यांनी वरचा भाग असा काही उजळला होता की तोच तो ओळखू येऊ नये. पण खालच्या अर्ध्या भागावर स्टॉकहोमच्या त्या तीन वर्षांचा डाग राहिला, तो कायमचा. चोर्लीने १८४७ साली जो ऐकला तो हाच. मग जेनीने काय केलं? तिने ते सूर हळू गायला सुरुवात केली. जिथे ताकद नाही तिथे ताकद मागायचीच नाही, आवाज इतका बारीक करायचा की श्रोता आपणहून पुढे झुकेल. शोपँला तिच्या गाण्यात विशेष भावला तो हा हळूपणाच. नॉर्वेतलं एक प्रतिध्वनीचं गाणं ती मैफिलीत स्वतः पियानोवर बसून गाई. हाक मारायची आणि डोंगरापलीकडून आल्यासारखा तिचा पडसाद त्याच गळ्यातून काढायचा. लोक मागे वळून पाहत, दुसरं कुणी गातंय का म्हणून. दुबळ्या जागेला चाकरीला लावायची ही युक्ती आहे. मला तर त्या धुक्याबद्दल गार्सियांचे, बर्गचे आणि काउंट पुकेंचेही आभार मानावेसे वाटतात, पण तेवढा क्रूर मी होऊ शकत नाही.

निघण्याआधी १८४२ साली मायरबेअरने तिला पॅरिसच्या ऑपेराच्या रंगमंचावर गाऊन दाखवायला लावलं. त्यातून तिथलं काम निघालं नाही. पुढे सगळ्या युरोपात गायली, पण पॅरिसच्या श्रोत्यांसमोर जाहीर प्रयोग तिने कधीच केला नाही. रुसवा म्हणायचा की धास्ती, कोण जाणे. ज्या शहरात तो बरा झाला त्या शहराने त्याला तिकीट काढून ऐकलं नाही.

ऑक्टोबर १८४२. स्टॉकहोम, तेच नाट्यगृह, भूमिका पुन्हा नॉर्मा. जाण्याआधी ज्या भूमिकेत लोकांनी त्याला कण्हताना ऐकलं होतं, तीच तिने परतल्यावर पहिली निवडली. ही निवड साधी नाही. नवी भूमिका घेतली असती तर तुलना टळली असती. तिला तुलनाच हवी होती. आणि स्टॉकहोमकरांना ती ऐकू आली: आता तो ओरडत नव्हता, वर जाताना त्याला दम लागत नव्हता, मधून सूर वाढवीत नेऊन पुन्हा विरवता येत होता.

इथून पुढची कथा सगळ्यांना माहीत असलेली कीर्तीची आहे, म्हणून तिच्यात मला फारसा रस नाही. १८४३ साली कोपनहेगन, तिथे परीकथाकार अँडरसन त्याच्यावर आणि तिच्यावर एकदमच लुब्ध. १८४४च्या डिसेंबरात बर्लिन, १८४५च्या डिसेंबरात लाइप्झिग, मेंडेलसोनची संगत. मेंडेलसोनला त्याचा वरचा ‘एफ शार्प’ फार आवडे. ‘एलिजा’ लिहिताना सोप्रानोच्या गाण्यात तो सूर त्याने मुद्दाम पेरला, असं सांगतात. १८४६ साली बर्मिंगहॅमला ‘एलिजा’ पहिल्यांदा झालं तेव्हा मात्र जेनी तिथे नव्हती, आणि तिने ते लंडनमध्ये गायलं तेव्हा मेंडेलसोन जाऊन वर्ष उलटलं होतं. त्या मैफिलीच्या पैशांतून मेंडेलसोनच्या नावे शिष्यवृत्ती निघाली आणि तिचा पहिला मानकरी झाला आर्थर सलिव्हन. १८४७च्या मे महिन्यात लंडन, राणी व्हिक्टोरिया हजर, आणि जुलैत व्हेर्दीचा ‘इ मास्नादिएरी’, स्वतः व्हेर्दीच्या संचालनाखाली. १८५० साली अमेरिका, जिथे बार्नम नावाच्या सर्कशी वृत्तीच्या माणसाने दर रात्री हजार डॉलर या दराने दीडशे मैफिलींचा करार केला. तोही त्याला एकदाही न ऐकता. मला वाटतं, आपल्या वल्लीचा याहून मोठा अपमान कुणी केला नसेल.

पण त्याआधीच, १० मे १८४९ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जेनीने ऑपेराची रंगभूमी कायमची सोडली होती. कारणं लोकांनी बरीच दिली: धर्म, मनाचा ओढा, रंगभूमीच्या वातावरणाचा कंटाळा. असतीलही. मला एक अरसिक कारणही दिसतं. एकदा मोडून जोडलेला आवाज किती दिवस नॉर्मा पेलणार, याचा हिशेब तिच्याइतका पक्का कुणापाशी नव्हता. तिने त्याला अवजड कामावरून काढून मैफिलीच्या हलक्या कामावर घातलं, आणि तो आणखी तीस वर्षांहून अधिक काळ चालला.

१८५२ साली बॉस्टनमध्ये तिने पियानोवादक ऑटो गोल्डश्मिट याच्याशी लग्न केलं, पुढे दोघं इंग्लंडात स्थायिक झाली. नवऱ्याने लंडनमध्ये बाखच्या गाण्यांसाठी समूहगायकांचा संघ उभारला, तेव्हा त्यातल्या सोप्रानो बायकांना तयार करायचं काम तिने घेतलं. १८७६ साली त्या संघाने बाखचा ‘बी मायनर मास’ इंग्लंडमध्ये पहिल्यांदा संपूर्ण गायला. तोही त्या बायकांत मिसळून गायला, चार जणींत एक होऊन.

गार्सियांचं ऋण ती किती मानत होती? एका स्वीडिश चरित्रकोशासाठी पाठवलेल्या पत्रात तिने लिहिलं, की मला जे येतं त्यातलं बहुतेक मी स्वतःच अपार कष्टाने मिळवलं. गार्सियांकडून काही थोड्या, पण महत्त्वाच्या गोष्टी शिकले. वाचताना जरा खटकतं. पण हे पत्र ज्या गळ्याच्या मालकिणीने लिहिलं त्याला फक्त दोनच गोष्टी माहीत नव्हत्या, कसं थांबायचं आणि कसं सावकाश जायचं, आणि त्या दोन्ही गार्सियांनी शिकवल्या. ‘थोड्या पण महत्त्वाच्या’ हा हिशेब तसा बरोबर आहे.

मे १८८३ मध्ये लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक उघडलं आणि गाण्याच्या प्राध्यापक म्हणून जेनी तिथे रुजू झाली. वय बासष्ट. त्याच वर्षी तिने शेवटचं जाहीर गाणं गायलं, मॉल्व्हर्नला. कॉलेजात तिची एक अट होती: नुसता गळा घेऊन माझ्याकडे यायचं नाही. मुलींनी स्वरलेखन वाचायला शिकायचं, पियानो शिकायचा, हार्मनी शिकायची, शब्दांचे उच्चार, उभं राहण्या-वागण्याची रीत आणि निदान एक परकी भाषा. तिला स्वतःला हे सगळं तुकड्यातुकड्यांनी, कुणी न सांगता गोळा करावं लागलं होतं. परक्या भाषेचा अभ्यास तर सक्तीच्या मौनात झाला होता. तिने १८८६पर्यंत तिथे शिकवलं.

त्याच काळात, त्याच शहरात, रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणखी एक जण गाणं शिकवत होते. मॅन्युएल गार्सिया १८४८ साली पॅरिस सोडून लंडनला आले ते कायमचे. १८८३ साली त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं आणि निवृत्तीचा विचारही नव्हता. तो त्यांनी आणखी बारा वर्षांनी केला. वयाची शंभरी त्यांनी पाहिली, ते गेले १९०६ साली. तेव्हा त्या वर्षांत लंडनमध्ये गाणं शिकायला आलेल्या मुलीला दोन दरवाजे होते. एका दरवाजामागे बाई होत्या, दुसऱ्यामागे बाईंचे मास्तर, आणि दोन्हीकडे पहिल्या दिवशी धडा एकच मिळाला असता: सप्तक, वर आणि खाली, सावकाश.